बुराडी घाटाआधीचे सात महिने: दत्ताजी शिंदे आणि दोन नद्यांची मोहीम

दत्ताजी शिंदे हे नाव काढलं की ग्वाल्हेरपासून बेळगावपर्यंतच्या मराठी माणसाला एकच प्रसंग आठवतो. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस, दिल्लीजवळचा बुराडी घाट. गोळी लागून पडलेले दत्ताजी आणि कुतुबशहाला त्यांनी दिलेलं ते शेवटचं उत्तर. बखरीने जपलेलं हे उत्तर शाळेतल्या मुलालाही पाठ असतं.

त्याआधीचे सात महिने मात्र फारसे कुणी सांगत नाही. जून १७५९ ते जानेवारी १७६० या काळात दत्ताजी गंगा आणि यमुना या दोन नद्यांच्या मध्ये अडकत गेले. पूल कोण बांधणार, उतार कुठे आहे, घाटावर कोण पहारा ठेवणार, पलीकडच्या काठावर काय चाललंय, याच प्रश्नांवर ही मोहीम ठरली. तलवारीत दत्ताजी कुठेच कमी पडले नाहीत. बातमी आणि नदी, या दोन बाबतींत मात्र शत्रू त्यांच्या पुढे राहिला.

कण्हेरखेडचं घराणं

शिंद्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. राणोजी शिंदे थोरल्या बाजीरावांच्या काळात पुढे आले आणि माळव्यात उज्जैनला त्यांनी बस्तान बसवलं. ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी झाली ती बरीच नंतर, दौलतरावांच्या वेळी. राणोजींना जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी असे मुलगे. १७४५ मध्ये राणोजी वारले आणि सरदारी थोरल्या जयाप्पांकडे आली.

जुलै १७५५ मध्ये मारवाडात नागोरला वेढा चालू असताना जयाप्पांचा दगा करून खून झाला. वाटाघाटीच्या नावाखाली छावणीत आलेल्या माणसांनीच तो केला. छावणी हादरली, पण दत्ताजींनी वेढा उठवला नाही. भावाचं दुःख बाजूला ठेवून ते तिथेच ठाण मांडून बसले आणि शेवटी मारवाडच्या बिजेसिंगाला तह करणं भाग पाडलं. अजमेर आणि मोठी खंडणी मराठ्यांना मिळाली.

सरदारी जयाप्पांच्या मुलाच्या, जनकोजीच्या नावाने होती, पण पोर लहान. कारभार आणि फौज दोन्ही काका दत्ताजींच्या हाती. १७५७ च्या अखेरीस सिंदखेडला निजामाविरुद्धच्या मोहिमेतही दत्ताजी आघाडीवर होते. पेशव्यांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा बसला तो अशा कामांमुळे. हाती घेतलेलं काम सोडायचं नाही, ही त्यांची ख्याती. नागोरला याच स्वभावाने यश दिलं. पुढे गंगेच्या काठावर तोच स्वभाव महागात पडला.

पुण्याहून आलेली कामांची यादी

१७५८ मध्ये रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर लाहोरपर्यंत जाऊन आले. नाव मोठं झालं, पण तिजोरीत पैसा येण्याऐवजी कर्जच वाढलं. नानासाहेब पेशव्यांना ते कर्ज फेडायचं होतं. म्हणून दत्ताजींना उत्तरेत पाठवताना त्यांनी कामांची लांबलचक यादी दिली. लाहोरचा बंदोबस्त करायचा. दिल्लीत वजीर गाजीउद्दीनकडून पैसा काढायचा. नजीबखान रोहिल्याचा निकाल लावायचा. काशी आणि प्रयाग ही क्षेत्रं मिळवायची. शिवाय गंगा ओलांडून बिहार-बंगालकडे जाऊन मोठी रक्कम उभी करायची.

यादीतली कामं एकमेकांच्या आड येणारी होती. काशी-प्रयाग होते अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या ताब्यात. त्यांची मागणी केली की शुजा बिथरणार. नजीबला संपवायचं तर शुजा निदान तटस्थ हवा. आणि बंगालला जायचं तर गंगेवर पूल हवा, पण त्या भागातल्या नावा आणि घाट नजीबच्या माणसांच्या हातात. पुण्यात बसून ही गाठ दिसत नव्हती. कासीद पुण्याहून दिल्लीला पोचायला आठवडे लागत. पत्र हाती पडेपर्यंत इकडची परिस्थिती बदललेली असे.

नजीब कसा माणूस आहे याची माहिती मात्र पुण्याला चांगली होती. हा अर्धा अब्दालीच आहे, त्याच्यावर विसंबू नये, अशा आशयाचा इशारा पेशव्यांनी दत्ताजींना पत्रातून दिला होता. सप्टेंबर १७५७ मध्ये हाच नजीब दिल्लीत मराठ्यांच्या तावडीत सापडला होता. मल्हाररावांनी मध्ये पडून त्याला सोडवलं. नजीब पुरता बुडाला तर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला लावतील, असं मल्हाररावांनी शिंद्यांना समजावल्याची कथा बखरीत येते. ती किती खरी यावर अभ्यासकांचा वाद आहे. शिंदे आणि होळकर यांची उत्तरेतली धोरणं एका दिशेने जात नव्हती, एवढं मात्र नक्की.

पूल बांधून देण्याचं वचन

१७५९ च्या वसंतात दत्ताजी सतलजपर्यंत गेले, साबाजी शिंद्यांना लाहोरला पाठवलं आणि स्वतः माघारी फिरले. जूनच्या सुमारास यमुना ओलांडून ते अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात उतरले.

नजीब तेव्हा नरमाईने वागत होता. गंगेवर नावांचा पूल बांधून देतो, तुम्ही खुशाल बिहारकडे जा, असं त्याने कबूल केलं. दोघांची एकदा भेट झाली, पण ती संशयातच संपली. आपल्याला धरण्याचा बेत आहे असा वास नजीबला आला आणि तो पुन्हा फिरकला नाही. वकील मात्र येत-जात राहिले. पूल होतोय, नावा जमतायत, थोडे दिवस थांबा. तेवढ्यात पाऊस लागला.

पावसाळ्यात दुआबात घोडदळाची काय दशा होते, हे उत्तरेत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. चिखल, फुगलेले नाले, दाणावैरणीची ओढ. मराठी फौजेचं सगळं बळ वेगात आणि तो वेगच संपला. नजीबला हेच हवं होतं. मिळालेल्या प्रत्येक दिवसात त्याने तीन कामं केली. अब्दालीकडे पत्रं धाडली, रोहिले सरदारांना आणि शुजाला आपल्या बाजूला ओढायला सुरुवात केली आणि स्वतःसाठी जागा पक्की केली.

शुक्रताल: पाठीशी गंगा

ही जागा म्हणजे मुजफ्फरनगरच्या पूर्वेला, गंगेच्या पश्चिम काठावरचं शुक्रताल. शुकमुनींनी परीक्षित राजाला भागवत सांगितलं ते हेच ठिकाण, अशी श्रद्धा आहे. नजीबने ही जागा निवडली ती जमिनीकडे बघून. समोर आणि दोन्ही अंगांना पाण्याने कापलेल्या घळी, मध्ये उंचवटा, पाठीशी गंगेचं पात्र. त्याने मातीचे मोर्चे उभारले, तोफा बसवल्या. आणि जो पूल दत्ताजींसाठी बांधायचं कबूल केलं होतं तो मागच्या बाजूला स्वतःसाठी बांधला. नावांच्या या पुलावरून पलीकडच्या नजीबाबादहून धान्य, दारूगोळा, माणसं सगळं येत राहिलं.

दत्ताजींनी वेढा घातला, पण तो तीन बाजूंनीच होता. चौथी बाजू नदीची, आणि ती उघडी. १५ सप्टेंबरला मराठ्यांनी जोराचा हल्ला केला. घळींमधून घोडी चालेनात, बंदुकांच्या माऱ्यात माणसं पडली आणि हल्ला फसला. किल्ले आणि मोर्चे फोडायला लागणारं पायदळ आणि जड तोफा दत्ताजींकडे पुरेशा नव्हत्या.

मग त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. पूल तोडायचा तर पलीकडच्या काठावर जायला हवं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांनी गोविंदपंत बुंदेल्यांना सुमारे दहा हजार फौज देऊन उत्तरेला हरिद्वारच्या बाजूने गंगापार पाठवलं. बेत चांगला होता. गोविंदपंतांनी नजीबचा मुलूख लुटला, जाळला आणि ते पुलाच्या पलीकडच्या तोंडाकडे सरकले. काही दिवस नजीब खरोखरच कोंडीत सापडला.

बेत फसला तो शुजामुळे. शुजा आणि रोहिले एकमेकांचे जुने वैरी. शुजा गप्प बसेल असा मराठ्यांचा अंदाज. पण काशी-प्रयागची मागणी त्याच्या कानावर होती. आज नजीब गेला तर उद्या आपली पाळी, हा हिशेब त्याने केला. नजीबचे वकील हेच त्याला सांगत होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अनुपगीर गोसाव्याची शुजाकडची फौज आणि हाफिज रहमत, दुंदेखान यांचे रोहिले गोविंदपंतांवर चालून आले. गोविंदपंतांना गंगा पुन्हा ओलांडून पळ काढावा लागला. घाईत नदी उतरताना कित्येक माणसं बुडाली.

बातमी होती, निर्णय नव्हता

याच सुमाराला साबाजी शिंदे लाहोर सोडून शुक्रतालच्या छावणीत पोचले. अब्दाली सिंधू ओलांडून आलाय, पंजाबातली ठाणी उठली, ही बातमी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. अफवा समजून सोडून द्यावी अशी ती बातमी नव्हती. लाहोरचा सुभा सोडून आलेला माणूस समोर उभा होता.

यानंतर दत्ताजी आणखी महिनाभर शुक्रतालला राहिले. मोहिमेतला सगळ्यात महाग महिना हाच.

का राहिले, याची कारणं समजून घेता येतात. वेढा उठवला तर पाच महिन्यांचे श्रम वाया. नजीबने परत तहाची बोलणी सुरू केली होती आणि ती आज-उद्या पुरी होतील असं वाटे. नागोरचा अनुभवही होता, नेटाने बसलं की शत्रू वाकतो हा. पण नागोरला मागून अब्दाली येत नव्हता. नजीबसाठी बोलणी हे वेळ काढायचं साधन होतं. अब्दाली किती मजला करतोय, कुठवर आलाय, हे त्याला ठाऊक होतं. दत्ताजींचे हरकारे आणि जासूद बातम्या आणत होते, पण परक्या मुलखात. नजीबला त्या मुलखातला प्रत्येक जमीनदार, प्रत्येक नावाडी बातमी देत होता.

तिकडे दिल्लीत घबराट. २९ नोव्हेंबरला वजीर गाजीउद्दीनने बादशहा दुसऱ्या आलमगीरचा खून करवला. मराठ्यांचा हा दोस्त आता ओझं झाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दत्ताजींनी अखेर वेढा उठवला आणि यमुना उतरून कुंजपुऱ्याकडे गेले.

शत्रू पलीकडच्या काठावर

२४ डिसेंबरला तरावडीजवळ अब्दालीच्या आघाडीच्या फौजेशी गाठ पडली. सुरुवातीला मराठ्यांनी शत्रूला मागे रेटलं, पण अब्दालीची कुमक येताच पारडं फिरलं. नुकसान सोसून दत्ताजी मागे आले. दुसऱ्या दिवशी मोठी लढाई होईल, अशी तयारी होती.

अब्दालीने ती होऊच दिली नाही. त्याने बुडिया घाटाजवळ यमुना ओलांडली आणि दुआबात उतरून नजीबला जाऊन मिळाला. एका चालीत त्याने दोन गोष्टी साधल्या. त्याला ताज्या दमाची रोहिला फौज, धान्य आणि वाटाडे मिळाले. आणि दत्ताजी ज्या काठावर त्याची वाट बघत होते तो काठच निरुपयोगी झाला. आता शत्रू यमुनेच्या पूर्वेला, मराठे पश्चिमेला, आणि दोघेही दिल्लीच्या दिशेने.

दत्ताजींनी कबिला आणि बुणगे रेवाडीकडे रवाना केले. मल्हाररावांना पत्रं गेली होती. ते राजपुतान्यातून निघत होते, पण अजून दूर होते. मागे सरून होळकरांना मिळायचं आणि मग दोन्ही फौजांनी उलटायचं, हा मार्ग मोकळा होता. गनिमी काव्याचं धोरण तेच सांगतं. दत्ताजींनी दुसरा मार्ग धरला. दिल्ली सोडायची नाही, यमुनेचे घाट अडवायचे, अब्दालीला पाण्यातच रोखायचं.

यात एक हिशेब चुकला. पावसाळ्यातली यमुना भिंत असते, पौषातली नसते. बुराडीजवळ पात्र फाटलेलं, मध्ये बेटं, त्यांवर झाऊ आणि सरकंड्याचं माणूसभर उंच रान. पाणी ठिकठिकाणी उथळ. अशा नदीचा मैलोन्मैल काठ राखायचा म्हणजे फौज तुकड्यातुकड्यांत वाटणं आलं. शत्रू कुठल्या उतारावरून येणार, हे आधी कळलं तरच असा पहारा उपयोगाचा. ते कळायला पलीकडच्या काठावर आपली माणसं हवीत. तो काठ तर पुरता नजीबचा होता.

संक्रांतीची सकाळ

१० जानेवारी १७६०. बुराडी घाटावर साबाजींची चौकी होती. पलीकडून रोहिले आणि अफगाण बेटांवरच्या रानाच्या आडोशाने पुढे सरकले. त्यांच्याजवळ बंदुका, घाटावरच्या मराठ्यांजवळ बहुतेक भाले आणि तलवारी. रानात घोडं पळवता येत नाही, समोरचा माणूस दिसत नाही, फक्त गोळी येते.

चौकी मागे हटतेय हे कळताच दत्ताजी स्वतः घोड्यावर बसून घाटाकडे धावले. सेनापतीने मागे थांबून कुमक पाठवावी हा शहाणपणा त्यांच्या रक्तात नव्हता. भाऊबंद पुढे मरत असताना ते थांबणार नव्हते. रानातल्या त्या झटापटीत त्यांना गोळी लागली. नजीबचा गुरू कुतुबशहा त्यांच्याजवळ पोचला. पुढचा सवाल-जवाब सगळ्यांना ठाऊक आहे. कुतुबशहाने त्यांचं शिर कापलं आणि ते अब्दालीकडे नेण्यात आलं.

जनकोजीही दंडाला गोळी लागून जखमी झाला. उरलेली फौज त्याला घेऊन कोटपुतळीच्या बाजूने निघाली आणि तिकडे मल्हाररावांची गाठ पडली. दत्ताजींना ज्या भेटीची वाट बघायची नव्हती, ती त्यांच्या मरणानंतर काही दिवसांतच झाली.

तीच नदी, पुन्हा एकदा

दत्ताजींच्या मरणाची बातमी दक्षिणेत पोचली आणि सदाशिवरावभाऊंची मोठी मोहीम उत्तरेला निघाली. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. कुतुबशहा तिथे सापडला. त्याचं शिर कापून दत्ताजींचा सूड घेतला गेला. यमुनेला पाणी होतं, म्हणून अब्दाली पलीकडून कुंजपुऱ्याच्या मदतीला येऊ शकला नाही.

पण सूड घेतला तरी धडा घेतला नव्हता. कुंजपुऱ्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला आणि भरल्या यमुनेतून फौज अलीकडे आणली. घाटांवरचा पहारा अपुरा होता, बातमी उशिरा आली, आणि मराठ्यांची दिल्लीशी असलेली वाट तुटली. बुराडीला जे एका सरदाराच्या फौजेचं झालं, ते आता सगळ्या मराठी फौजेचं होणार होतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. जनकोजी हाती लागला आणि मारला गेला. शिंदे घराण्यातले महादजी पायाला जन्माची जखम घेऊन वाचले.

ज्याने नदी वाचली

यानंतर अकरा वर्षांनी, १७७२ च्या सुरुवातीला, मराठे पुन्हा त्याच शुक्रतालसमोर उभे राहिले. नजीब त्याआधीच मेला होता, त्याचा मुलगा झाबेताखान गंगेचे उतार अडवून बसला होता. बरोबर तुकोजी होळकर आणि विसाजीपंत बिनीवाले होते, आणि शिंद्यांची फौज होती महादजींकडे.

या वेळी मराठे मोर्च्यांवर डोकं आपटत बसले नाहीत. हरिद्वारजवळ चंडी घाटाच्या बाजूला उतार हेरून ते गंगापार झाले. झाबेताखानाची फळी फुटली, शुक्रताल पडलं, पाठोपाठ नजीबाबादजवळचा पथ्थरगडही हाती आला. गोविंदपंतांना पाठवताना दत्ताजींनी जो बेत केला होता, तोच हा बेत. फरक एवढाच की या वेळी सगळी फौज एकत्र नदीपार झाली, मागून कोणी अब्दाली येत नव्हता आणि शिंदे-होळकर एका काठावर होते.

बुराडी आज दिल्ली शहराच्या उत्तर टोकाची गजबजलेली वस्ती आहे आणि यमुना तिथून जवळच वाहते. दत्ताजींच्या शौर्याला त्यांच्या शेवटच्या उत्तराने अमर केलं, यात वाद नाही. पण त्यांना त्या घाटावर आणून सोडलं ते पुण्याच्या न जुळणाऱ्या हुकुमांनी, आपसांतल्या दोन मतांनी, नजीबच्या वायद्यांनी आणि शुक्रतालच्या त्या एका जादा महिन्याने. १० जानेवारीला त्यांचं स्मरण करताना त्या उत्तरासोबत हे सात महिनेही सांगितले गेले पाहिजेत. महादजी त्या महिन्यांमधून शिकले, म्हणून १७७२ ला गंगा ओलांडता आली.